सोळा आण्यांची रेघ

श्रीपादकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत, भाड्यानं घेतलेल्या हॉलच्या स्वयंपाकघरात. शिऱ्याचा रवा मोजायला कुणीतरी घरून वजनकाटा आणला होता आणि काका त्याच्यापुढं वाकून उभे होते. खिशातलं एक नाणं त्यांनी काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, नाणं उचललं, पुन्हा ठेवलं.

"हा खोटं बोलतोय," ते म्हणाले.

"अहो, शिरा करायचाय. क्ष-किरण नाही मारायचे कुणाला," मागून त्यांच्या पत्नी, सुधाकाकू, म्हणाल्या. सगळे हसले. काकाही हसले, पण रवा घेताना चिमूटभर कमी घेतलाच.

त्यांचं आयुष्य असंच गेलं होतं. पुण्याहून आल्यापासून ते वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत होते. यंत्र जो आकडा दाखवतं तो खरा आहे की नाही, हे तपासण्याचं त्यांचं काम. एक दिवस तो विभागच बंद झाला. बरोबरीच्यांनी दुसऱ्या गावी नोकऱ्या धरल्या. काकांनी कंपनीनं देऊ केलेली आबफिंडुंग, म्हणजे निरोपाची रक्कम, घेतली आणि पन्नाशी उलटल्यावर विद्यापीठात इतिहासाला नाव घातलं. आधी एम.ए., मग डॉक्टरेट. विषय, मुंबई इलाख्यातला शेतसारा.

लोकांनी विचारलं, हे काय मधेच. काका सांगत, "जन्मभर यंत्रानं मोजलं. ही सारा ठरवणारी माणसं पीक नुसतं बघून मोजत. बघून! मला ते कळून घ्यायचंय."

 सुधाकाकू पुण्यात मराठीच्या शिक्षिका होत्या. इथं कीटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, आधी अर्धा दिवस जात. काकांची नोकरी गेल्यापासून पूर्ण दिवस. तीन-चार वर्षांची गोबरी जर्मन मुलं उचलून उचलून त्यांच्या पाठीनं मान टाकली होती. प्रबंध मंजूर झाला की काकांना त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापिका लेंगफेल्डर यांच्या प्रकल्पात ऑक्टोबरपासून जागा मिळणार होती. काकूंनी कीटाला आधीच सांगून ठेवलं होतं, ऑक्टोबरपासून मी पुन्हा अर्धा दिवस. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या महिन्याला त्यांनी हळदीचं बोट लावलं होतं. मुद्दाम की चुकून, हे मी विचारलं नाही.

मी त्याच विद्यापीठात साहित्य शिकत होते आणि रविवारी त्यांच्याकडे जेवत होते. त्यामुळे प्रबंध मला जवळजवळ तोंडपाठ झाला होता. शेताचा सारा ठरलेला असे, पण वर्ष वाईट गेलं तर वसुली पुढं ढकलण्याचा नियम होता. पीक चार आण्यांहून कमी आलं तर पूर्ण वसुली थांबायची, चार ते सहाच्या मधे असेल तर अर्धी. सहाच्या वर गेलं की मुकाट्यानं भरायचं. आणि पीक किती आणे आलंय हे ठरवायचं ते बांधावर उभं राहून, नजरेनं. ती आणेवारी. आधी गावाचा अंदाज, मग तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्याचा.

काकांनी दख्खनातल्या एका कोरड्या तालुक्याचे तीस वर्षांचे असे अंदाज गोळा केले होते. चौथ्या प्रकरणात त्यांचा एक आलेख होता. वर सोळा आण्यांची आडवी रेघ, म्हणजे पूर्ण पीक. खाली वर्षांचे ठिपके. एकही ठिपका त्या रेघेपर्यंत पोचत नव्हता. बहुतेक बारापाशी येऊन थांबलेले, काही त्याहून खूप खाली. मधे नुसता पांढरा कागद. तीस वर्षं ज्या जमिनीनं एकदाही पूर्ण पीक दिलं नाही, तिच्यावर पूर्ण पिकाच्या हिशेबानं सारा बसवला होता, असा काकांचा निष्कर्ष. बॉनहून येणारे दुसरे परीक्षक डॉक्टर ड्रोस्ट यांनी आपल्या अहवालात त्या आलेखाची खास स्तुती केली होती. दोन्ही अहवाल उत्तम होते. उरला होता फक्त गुरुवारचा डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा.

त्याच्या आधीच्या रविवारी जेवायला पिठलं आणि राय या इथल्या धान्याच्या पिठाची भाकरी होती. सकाळी मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत काकूंनी मुलांचे निबंध परत दिले होते आणि त्यांची स्वतःची मुलगी, अन्वी, तोंड फुगवून बसली होती. अन्वीला मराठी सगळं कळतं, पण भांडते ती जर्मनमध्ये.

"पंधरा," ती मला कागद दाखवत म्हणाली. "वीसपैकी पंधरा. आणि चूक एकही नाही. बघ तू."

"वर्गात सगळ्यात जास्त आहेत ते," काकू म्हणाल्या.

"मग वीस कुणाला?"

"कुणालाच नाही."

"कधीच?"

"निबंधाला पैकीच्या पैकी कुणी देतं का, बाळा? भाकरी घे."

अन्वीनं भाकरी घेतली नाही. "मग वीसपैकी कशाला म्हणतेस? सरळ पंधरापैकी म्हण ना!"

"असं कसं? वर जागा ठेवावी लागते. आज वीस दिले तर उद्या याहून चांगलं लिहिलंस तर काय देऊ, माझ्या बांगड्या?"

मी हसले. अन्वीही हसणार होती. काका हसत नव्हते.

"सुधा," ते म्हणाले, "तू पुण्यात तरी कधी कुणाला दिलेस? पैकीच्या पैकी?"

"छे. आमच्या हेडबाईंनी घरी पाठवलं असतं मला."

"म्हणजे तुझ्या हिशेबात पंधरा म्हणजे..."

"पंधरा म्हणजे छान. सांगितलं ना. पिठलं निवतंय अहो."

काका उठले. उष्टा हात तसाच हवेत धरून ते आतल्या खोलीत गेले. बराच वेळ झाला तरी आले नाहीत, म्हणून मी पाहायला गेले. ते डाव्या हातानं लॅपटॉपवर कागदपत्रांचे फोटो एकेक करून पुढं सरकवत होते. उजव्या हातावर पिठलं वाळून गेलं होतं.

"हे वाच," ते म्हणाले.

शेऱ्याच्या रकान्यात जुन्या वळणाचं मराठी अक्षर होतं. 'पीक उत्तम. बारा आणे.'

"आणि हे."

दुसरं गाव, दुसरं वर्ष. 'पाऊसमान चांगले, पीक उत्तम.' आकडा बाराच.

"हे तुम्ही पाहिलं नव्हतं?"

"पाहिलं होतं की. तळटीपसुद्धा आहे माझी." त्यांनी प्रबंधातलं पान काढून दाखवलं. तिथं नीटस जर्मनमध्ये लिहिलं होतं की, पाऊण पिकाला 'उत्तम' म्हणण्यात खालच्या नोकरांची वरिष्ठांना खूश ठेवण्याची वृत्ती दिसते. "वृत्ती," काका म्हणाले. "तो बिचारा सरळ सांगत होता की बारा म्हणजे भरलेलं शेत. त्याहून वर कुणी लिहीतच नव्हतं. आणि मी सोळाला शंभर टक्के धरून बसलो. मोजपट्टीचं वरचं टोक कुठं आहे ते न विचारता."

ते ओरडले नाहीत, कपाळावर हात मारून घेतला नाही. फक्त आलेखाचं पान उघडून त्या पांढऱ्या जागेकडे पाहत राहिले, जी आता शेताची तूट राहिली नव्हती.

बाहेर भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"किती मोडतं?" त्यांनी विचारलं.

"चौथं प्रकरण. सगळंच."

"कुणाला दिसलंय?"

"कुणालाच नाही."

"मग गुरुवारपर्यंत तुम्हालाही दिसलेलं नाही."

"सुधा."

"अहो, मी खोटं बोला म्हणत नाहीये. विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर पदवी घ्या आणि मग छापताना दुरुस्त करा. छापायच्या आधी दुरुस्त करतातच ना लोक?"

"करतात. पण शुद्धलेखन. प्रकरण नव्हे."

"बरं, मग माझी पाठ दुरुस्त करा." त्या वळल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू झाला, आधीपेक्षा मोठा.

काकांनी हात धुतला, खुर्चीत बसले आणि माझ्याशी बोलल्यासारखं स्वतःशीच बोलू लागले. वाईट नुसतं हे नव्हतं की आकडा चुकला. बारा म्हणजे पूर्ण पीक धरलं, तर सहा आणे म्हणजे निम्मं. सरकार निम्म्या पिकापासून सवलत द्यायला लागत होतं. त्यांनी प्रबंधात लिहिलं होतं की निम्म्याहूनही बरंच खाली गेल्याशिवाय सरकार हलत नव्हतं. "म्हणजे मी सरकारला होतं त्याहून वाईट ठरवलं," ते म्हणाले. "आणि आता उभं राहून सांगायचं, ते तितकं वाईट नव्हतं म्हणून. कोण ऐकून घेईल मला? मला तरी ते आवडेल का?"

सोमवारी त्यांनी लेंगफेल्डरबाईंना फोन केला. त्या एका परिषदेसाठी बाहेरगावी होत्या, थेट गुरुवारीच परतणार होत्या. काकांनी मेल लिहून ठेवला होता. पाठवला नाही, हे मला अन्वीनं सांगितलं. घरात कुणी कुणाशी बोलत नाहीये, हेही तिनंच सांगितलं. "आई भाजी चिरते तेव्हासुद्धा बाबांकडे पाठ करून चिरते," ती म्हणाली, आणि हे तिनं चक्क मराठीत सांगितलं.

गुरुवारी सकाळी काका सायकलनं आधीच गेले होते. मी आणि काकू बसनं निघालो. इथल्या रीतीप्रमाणे डिफेन्सनंतरचं खाणं उमेदवाराच्या घरून यायचं असतं, म्हणून काकूंच्या मांडीवर कोथिंबीर वड्यांचा मोठा डबा होता. डब्यावर दोन्ही हात दाबून त्या बसल्या होत्या, जणू झाकण आतून उघडणार होतं.

"काय ठरलंय त्यांचं?" मी विचारलं.

"मला विचारतेस? मला रविवारपासून 'मीठ दे' याच्यापलीकडे काही सांगितलेलं नाही." मग म्हणाल्या, "तुला काय वाटतं, मी वाईट बोलले?"

मी नाही म्हणाले. खरंच तसं वाटत नव्हतं.

"सहा वर्षं मी त्या पोरांचे बूट चढवतेय," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मोजपट्टीचं टोक. मला माझ्या कमरेचं टोक दिसायला लागलंय."

खोली लहान होती, खिडक्या उंच. पुढं लेंगफेल्डरबाई, डॉक्टर ड्रोस्ट आणि अध्यक्ष म्हणून तिसरे एक प्राध्यापक. मागं आम्ही, शाळेतून परस्पर आलेली अन्वी, विभागातले पाच-सहा विद्यार्थी. काकांनी कोट घातला होता. आवाज रोजचाच होता. पहिलं प्रकरण, दुसरं, तिसरं. सगळं आखल्यासारखं पुढं जात होतं. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मग पडद्यावर तो आलेख आला.

सोळा आण्यांची रेघ. खालची पांढरी जागा.

काका थांबले. पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला.  डॉक्टर ड्रोस्ट ओळखीचं चित्र पाहावं तसे प्रसन्न चेहऱ्यानं आलेखाकडे बघत होते. पुढची स्लाईड दाबली असती तर संपलं असतं. काकांचा अंगठा बटणावर होता, मला तो दिसत होता.

"हा आलेख चूक आहे," काका म्हणाले. "मला हे रविवारी कळलं."

काकूंनी डोळे उघडले नाहीत. फक्त डब्यावरचे हात घट्ट झाले.

काकांनी सगळं सांगितलं. 'उत्तम, बारा आणे' हा शेरा दाखवला, आपली तळटीप वाचून दाखवली, नियमाचा अर्थ कसा बदलतो तेही सांगितलं. घरचं, निबंधाचं, अन्वीचं, तेही लपवलं नाही. लेंगफेल्डरबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. डॉक्टर ड्रोस्ट यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आपणही फसलो, हे माणसाला कळतं तेव्हा बदलतो तसा.

"तुम्ही व्यवसायानं मापयंत्रं तपासणारे इंजिनिअर," ते म्हणाले.

"हो."

"आणि पट्टीचं वरचं टोक तुम्ही तपासलं नाही."

"नाही."

"का?"



"कारण ती रिकामी जागा मला हवी होती," काका म्हणाले. "सरकार दोषी आहे हे मला आधीच माहीत होतं. पुरावा दिसला, मी तो उचलला."

 ड्रोस्ट यांनी विचारलं, "मग उरतं काय? काही उरतं का?"

यावर काका फळ्यापाशी गेले. त्यांनी खडू हातात घेतला. तिसरं प्रकरण उरतं, ते म्हणाले. तिथं एकाच वर्षी, एकाच शेताबद्दल गावानं लावलेला अंदाज आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यानं लावलेला अंदाज शेजारी ठेवला आहे. दोघांची पट्टी एकच, त्यामुळे टोक कुठंही असलं तरी फरक खराच. त्यांनी फळ्यावर पाच लिहिलं, शेजारी सात. गाव पाच आणे म्हणतं. तालुक्याला जाईपर्यंत पाचाचे सात होतात. आणि सवलत सहाला संपते. एकदा नाही, वाईट वर्षांत गावोगाव हेच.

"दोघांची पट्टी एकच होती हे तरी कशावरून?" ड्रोस्ट यांनी विचारलं. "एक चूक करून झाली आहे तुमची."

"चांगल्या वर्षांत दोघांचे आकडे जुळतात. बाराला बारा. फक्त वाईट वर्षांत फाटतात. पण हे मी सगळ्या गावांसाठी तपासलेलं नाही. ज्यांचं तपासलं, त्यांचं सांगतोय."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', ड्रोस्ट हळूच म्हणाले. ते कौतुक होतं की टोमणा, मला कळलं नाही.

निकालाच्या चर्चेसाठी आम्हाला बाहेर बसवलं. कॉरिडॉरमध्ये काकूंनी टेबलावर वड्या मांडल्या आणि कुणी त्यांना हात लावत नव्हतं. एरवी ही चर्चा चटकन आटपते म्हणे. त्या दिवशी दार उघडेना. आतून ड्रोस्ट यांचा आवाज चढल्याचं एकदा ऐकू आलं, शब्द कळले नाहीत. काका भिंतीला टेकून उभे होते, बोटांना खडू लागलेला. काकू टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. अन्वी कधी इकडे, कधी तिकडे.

"माझ्यामुळे झालं का?" तिनं जर्मनमध्ये विचारलं. दोघंही एकमेकांकडे न बघता एकदम 'नाही' म्हणाले.

अखेर आत बोलावलं. अध्यक्षांनी उभं राहून वाचलं. प्रबंध मंजूर, श्रेणी साधारण. अट अशी की, चौथं प्रकरण काढून टाकायचं किंवा नव्यानं लिहायचं, तिसरं सर्व गावांसाठी तपासून वाढवायचं आणि परीक्षकांना पुन्हा दाखवायचं. त्यासाठी एक वर्षाची मुदत. तोवर नावामागं डॉक्टर लावता येणार नाही.

टाळ्या वाजल्या, थोड्या गोंधळलेल्या. लेंगफेल्डरबाईंनी काकांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. मी जवळच होते, म्हणून ऐकू आलं. "ऑक्टोबरची जागा मला आता तुम्हाला देता येणार नाही. नियमच तसा आहे. पुढच्या वर्षी असेल का, सांगू शकत नाही."

"समजलं," काका म्हणाले.

वड्या संपल्या. ड्रोस्ट यांनी दोन घेतल्या, छान झाल्यात म्हणाले. काकूंनी 'डांके' म्हटलं आणि रिकामा डबा पिशवीत घातला.

परतताना काका सायकल तिथंच ठेवून आमच्याबरोबर बसमध्ये आले. अन्वी मैत्रिणीकडे गेली. काकू खिडकीशी, काका त्यांच्या शेजारी, मी समोर. बरेच थांबे गेले. बाहेर लोक सायकलींवरून घरी चालले होते, पाठीला बॅगा, टोपल्यांत भाज्या.

"सोमवारी कीटात सांगावं लागेल," काकू म्हणाल्या. "अर्धा दिवस नको म्हणून."

"हो."

"ते विचारतील, का. मी काय सांगू?"

 सिग्नलला बस थांबली, पुन्हा सुटली.

"मला राग आलाय," काकू म्हणाल्या. "तो काही लगेच जायचा नाही. हे आत्ताच सांगून ठेवते."

"हो."

"हो हो काय करताय." त्या प्रथमच त्यांच्याकडे वळल्या. "ते पाचाचे सात कोण करायचं?"

"तालुक्याचा अधिकारी."

"अधिकारी म्हणजे कोण? गोरा?"

"नाही. गोरा साहेब वर, जिल्ह्याला. हे मामलेदार करायचे. आपल्याकडचेच, मराठी. वसुली कमी झाली तर साहेब विचारणार, म्हणून आधीच वाढवून ठेवायचे."

"त्यांची नावं आहेत?"

"सह्या आहेत."

"प्रबंधात लिहिलीत?"

"नाही. 'सरकार' असं लिहिलंय सगळीकडे."

"का?"

"सुधा, ती आपल्यासारखीच माणसं. शिकलेली, पोटापाण्याला लागलेली. नातवंडं-पतवंडं असतील त्यांची कुठंतरी पुण्यात. त्यांची नावं जर्मनीत बसून मी..."

"मला वर्षभर अजून बूट चढवायचेत लोकांच्या पोरांचे," काकू म्हणाल्या. "त्याच्या बदल्यात खरं अर्धं नको. नावं लिहा."